ढकलपास

आमच्या लहानपणी १ मेला शाळेचा निकाल लागला की तीन प्रकारची मुलं असायची. पास, नापास आणि ढकलपास. ढकलपास म्हणजे ज्याला अजून तिसरीचंच नीट समजलेलं नाही, पण गुरुजींना दया आली, कंटाळा आला किंवा तिसरीत बाकं कमी पडायला लागली म्हणून ज्याला चौथीत ढकललं ते मूल. गेल्या कित्येक वर्षांत हा शब्द मला आठवलाच नव्हता. आठवला तो थेट एका घोडीमुळे!

ज्यांना माझं घोड्यांचं खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (नातेवाईक मंडळींनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, तुमचं सगळं ऐकून झालंय.) मी इथे न्यू जर्सीत नोकरी करते आणि उरलेला वेळ आणि बराचसा पगार एका घोडीवर घालवते. घोडा हा न्यू जर्सीचा राज्यप्राणी आहे, तेव्हा मी हे राज्यकार्यच करते असं समजा. घोडी सोळा वर्षांची आहे. पागेतलं तिचं नाव वेगळं आहे, पण तिचं एकंदर वागणं-बोलणं बघून मी तिला ठमाबाई म्हणते. आम्ही दोघी मिळून जो खेळ खेळतो त्याचं नाव ड्रेसाज.

हा खेळ काय असतो हे पूर्वी मला प्रत्येकाला समजावून सांगावं लागायचं. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडनंतर ते काम थोडं सोपं झालं. अनुष अग्रवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीत भारताला एशियाडचं सुवर्ण १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी मिळत होतं. त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला जेवढे निरोप आले तेवढे माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही आले नव्हते. एका काकांनी विचारलं, "म्हणजे तू करतेस ते हेच का गं?"

काका, हो आणि नाही. तुम्ही गल्लीत टेनिसच्या चेंडूने खेळायचात तेही क्रिकेटच होतं, तसं.

ड्रेसाजमध्ये वीस बाय साठ मीटरचं एक रिंगण असतं. कडेला अक्षरं लावलेली असतात. ठरलेल्या अक्षरावर ठरलेली गोष्ट करायची. इथून वळा, तिथे गोल काढा, त्या अक्षरापाशी चाल बदला. प्रत्येक हालचालीला परीक्षक शून्य ते दहापैकी गुण देतात आणि शेवटी सगळ्याची टक्केवारी काढतात. अमेरिकेत पायऱ्या आहेत त्या अशा: इंट्रोडक्टरी, ट्रेनिंग, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ. त्याच्या पुढे आंतरराष्ट्रीय पायऱ्या, आणि त्यांच्या टोकाला ग्रां प्री, जी आपण ऑलिंपिकमध्ये बघतो.

टक्केवारीबद्दल एक सांगून ठेवते, कारण घरी यावरून नेहमी गैरसमज होतो. इथे ९५ टक्के कुणाला मिळत नाहीत. शार्लट दुजार्दिन आणि वॅलेग्रो या जोडीने २०१४ साली लंडनमध्ये संगीतावरच्या ग्रां प्रीमध्ये ९४.३ टक्के मिळवून विक्रम केला होता. अनुष अग्रवाला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेला. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय. तिथे त्याला ६६.४४४ टक्के मिळाले. साठ मिळाले की आमच्यासारखे हौशी लोक खूश असतात. पासष्टला पेढे वाटतात. आपल्याकडे पूर्वी साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास होता ना, तो हिशोब इथे बरोबर लागू पडतो.

तर झालं असं की फर्स्ट लेव्हलला आम्हाला दोन मोसम चौसष्ट-पासष्ट-सहासष्ट मिळत होते. आता सेकंडला जायचं का, असा प्रश्न आला. आणि इथेच मजा आहे. मला वाटत होतं की कुणीतरी आमची परीक्षा घेईल, शिक्का मारेल आणि सांगेल की जा. पण इथल्या नियमांत तसं काहीच नाही. फॉर्म भरायचा, फी भरायची आणि उतरायचं. जर्मनीत वरच्या वर्गांना परीक्षा देऊन मिळवलेले बिल्ले लागतात. इथे काही नाही. खालच्या वर्गात कितीही गुण असोत, वरच्या वर्गाचं दार उघडंच. फक्त एका स्पर्धेत दोन सलग लेव्हलपेक्षा जास्त उतरता येत नाही, एवढंच. खालच्या लेव्हलला सातत्याने पासष्ट मिळायला लागले आणि वरच्या लेव्हलचं सगळं घरच्या रिंगणात निवांत जमायला लागलं की जावं, असं शिकवणारे लोक सांगतात. पण तो सल्ला झाला, नियम नव्हे.

म्हणजे ढकलायला दुसरं कुणीच नाही. ढकलायचं तर मीच, आणि जिला ढकलायचं ती बोलत नाही.

फर्स्ट आणि सेकंड यांच्यातला फरक बाहेरून बघणाऱ्याला फारसा कळणार नाही. त्याला दोन्हीकडे एक घोडा आणि वर बसलेली घामाघूम बाई दिसेल. पण ज्यांनी हे केलंय त्यांना विचारा, खालच्या पायऱ्यांमधली सगळ्यात उंच पायरी हीच, असं बहुतेक जण सांगतील. फर्स्टपर्यंत घोड्याने सरळ, मोकळं, लयीत चालावं, अंग वळवावं, थोडं कडेने सरकावं, सांगितल्यावर पावलं लांब टाकावीत, एवढं पुरतं. सेकंडला येतं कलेक्शन.

उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. मान आणि डोकं पुढे आहे म्हणून. त्यात आपण खोगिरावर बसतो, म्हणजे पुढे अजून भर. कलेक्शन म्हणजे त्यातला काही भार मागच्या पायांवर घ्यायचा. घोडी मागचे सांधे जास्त वाकवते, मागून किंचित बसते आणि पुढून हलकी होते. लय तीच राहते, पण पावलं आखूड आणि उंच होतात. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हे पटकन कळेल. विलंबित म्हणजे ढिलं नव्हे, उलट तिथेच दम लागतो. तसंच इथे वेग कमी दिसतो, पण जोर जास्त लागतो. आणि तो जोर स्नायूंतून येतो. स्नायू महिन्यांनी तयार होतात, फॉर्म भरल्याने होत नाहीत.

मग त्यावर रचलेल्या गोष्टी. शोल्डर-इन, म्हणजे भिंतीलगत चालताना खांदे आत आणि मागचा भाग भिंतीशीच. १८व्या शतकात ग्वेरिनिएर नावाच्या फ्रेंच गुरूने तो सगळ्या कसरतींचा पाया मानला होता आणि आजही तो तसाच शिकवतात. सिंपल चेंज म्हणजे कँटरमधून थेट चालीवर यायचं, तीन ते पाच स्वच्छ पावलं चालायचं आणि दुसऱ्या पायाने पुन्हा कँटर. नावात 'सिंपल' आहे, बाकी कशात नाही. काउंटर कँटर म्हणजे वळण एकीकडे आणि कँटर मुद्दाम उलट्या पायाचा. शिवाय फर्स्टपर्यंत ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडकी चालीत, उठत-बसत जायची मुभा असते. सेकंडला बसून राहायचं. त्रेपन्नाव्या वर्षी हे माझ्या कंबरेला काय वाटलं ते इथे लिहीत नाही, ब्लॉग घरातली लहान मुलंही वाचतात.

आता ठमाबाईची गोष्ट. ती क्वार्टर हॉर्स आहे. ही जात पाव मैलाच्या शर्यतीत बाण सुटावा तशी पळते, त्यावरूनच तिचं नाव पडलं. मागचा भाग दणकट, आणि पुष्कळांचा पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित खाली. ठमाबाईही तशीच. ड्रेसाजसाठी पैदास केलेले हॅनोव्हेरियन किंवा डच घोडे जन्मतःच चढावर उभे असल्यासारखे दिसतात. आमची बाई उतारावर उभी असल्यासारखी. म्हणजे जे त्यांना निसर्गाने दिलं ते हिला कष्टाने मिळवायचं, आणि तेही सोळाव्या वर्षी.

थांबावं म्हटलं तर वय आडवं येतं. इथे द ड्रेसाज फाउंडेशन नावाची संस्था आहे. तिचा एक सेंच्युरी क्लब आहे. घोडा आणि स्वार यांच्या वयांची बेरीज शंभर किंवा जास्त असेल आणि दोघांनी मिळून एक टेस्ट दिली, की त्यांना त्या क्लबात घेतात. मला ही कल्पना भारी आवडली. (मराठीत 'शंभर भरले' याचा अर्थ काय होतो हे मी त्या लोकांना सांगितलेलं नाही.) आमची बेरीज ६९. दर वर्षी दोनाने वाढणार, म्हणजे अजून सोळा वर्षं. तोपर्यंत ठमाबाई ३२ वर्षांची होईल. घोडे साधारण पंचवीस-तीस वर्षं जगतात. हा हिशोब मी एकदा रात्री पागेतून परत येताना गाडीत केला आणि मग घरी येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

घाई करावी म्हटलं तर दुसरी भीती. शार्लट दुजार्दिनचं नाव वर आलंय. तिनेच २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर माघार घेतली, कारण शिकवताना घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारतानाचा तिचा व्हिडिओ बाहेर आला होता. पुढे तिच्यावर वर्षभराची बंदी आली. आम्हा सगळ्यांच्या भिंतीवर वॅलेग्रोची चित्रं होती, त्यामुळे पागेत आठवडाभर कुणी धड बोलत नव्हतं. मी चाबूक वापरणाऱ्यांतली नाही, पण मला जाणवलं की चाबूक हा या गोष्टीचा फक्त दिसणारा भाग आहे. 'अजून थोडं, अजून एकदा' असं म्हणतही घोडा थकवता येतो. तो बिचारा करत राहतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणतो तेव्हा शरीराने म्हणतो, आणि आपल्याला ते ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो.

हे सगळं मी आईला फोनवर सांगत होते. आईने एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. घोड्यांचं तिला काही कळत नाही, तिने घोडा जवळून पाहिला तो लग्नाच्या वरातीतला. पण वरच्या वर्गात कुणाला घालायचं हे तिने एकतीस वेळा ठरवलंय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"वरच्या वर्गात जाऊन तुला काय मिळणार ते कळलं. घोडीला काय मिळणार?"

मी म्हटलं, आई, तोच तर प्रश्न आहे.

"मग गुण कशाला बघतेस? आम्ही कधी नुसते गुण बघितले नाहीत. पोरगं वर घातल्यावर शाळेत यायचं थांबतंय का ते बघायचं. झेपत नसलं की पोट दुखतं, ताप येतो, म्हशीमागे जायचं असतं. आणि खालीच ठेवलं तरी तेच होतं बरं का. हुशार पोरगं दुसऱ्यांदा तिसरीत बसवलं की तेही यायचं थांबतं. तुझी घोडी शाळेत येते का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. संध्याकाळी मी मोरकी घेऊन कुरणाच्या फाटकाशी उभी राहिले की ठमाबाई लांबून येते. पळत वगैरे नाही, तिच्या रुबाबात, पण येते. मी आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, "खाऊ नेतेस ना?"

नेत होते. गाजर. आईपासून काही लपत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाजर फाटकावर द्यायचं बंद केलं, खोगीर उतरवून खरारा झाल्यावर द्यायला लागले. आठवडाभर बघितलं. बाई येतच होती. तेव्हा माझ्या ट्रेनरला सांगितलं की हिवाळाभर सेकंडची तयारी करूया. फॉर्म भरायचा की नाही ते एप्रिलमध्ये ठरवू, आणि ठरवताना फाटक बघू. ट्रेनर मोठ्या घोड्यांवर ग्रां प्रीपर्यंत गेलेली आहे, ती या कसोटीला हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली की याहून वाईट कसोट्या तिने पाहिल्या आहेत.

डिसेंबर-जानेवारी छान गेले. शोल्डर-इन तर ठमाबाईला आवडलाच. तो झाल्यावर ती नाकाने फुर्र करून मान लांब करायची, म्हणजे तिची पाठ मोकळी झाली असं समजायचं. फेब्रुवारीत सिंपल चेंजवर जोर दिला, आठवड्यातून तीन दिवस. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी फाटकाशी उभी आणि ठमाबाई कुरणाच्या त्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून. हाक मारली. एक कान वळला. पाय हलले नाहीत.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय वाकवून बघितले, चालवून-पळवून बघितलं. सांधे ठीक होते, मांड्यांचे स्नायू दमले होते. माणूस जिममध्ये जाऊन उठाबशा काढतो आणि दोन दिवस जिना उतरताना कण्हतो, तसं. सिंपल चेंज आठवड्यातून एकदाच, तेही चार-पाचच, असं ठरलं. बाकीचे दिवस मागच्या टेकडीवर नुसतं चालत फिरायचं, चढावर. तीन आठवड्यांनी ती पुन्हा फाटकावर यायला लागली. एप्रिलअखेरीपर्यंत मी कॅलेंडरवर खुणा करत होते. आली, आली, आली, पाऊस, आली. मग फॉर्म भरला.

स्पर्धा जूनमध्ये झाली. त्याच दिवशी आम्ही दोन्ही लेव्हलला उतरलो. सकाळी फर्स्टची टेस्ट, ६६.१. दुपारी सेकंडची पहिली टेस्ट. 'सी' अक्षरापाशी एकच परीक्षक आणि शेजारी त्यांचे शेरे लिहून घेणारी मुलगी. आम्ही 'ए'कडून आत आलो, 'एक्स'वर थांबलो, सलाम केला आणि पुढची पाचेक मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. शोल्डर-इन डावीकडे छान झाला. मीडियम ट्रॉटला ठमाबाईतली पाव मैलवाली जागी झाली आणि तिने सरळ कँटर सुरू केला. पहिल्या सिंपल चेंजला तीन-पाच पावलांऐवजी आठ-नऊ पावलांची वरात निघाली. दुसरा मात्र असा स्वच्छ झाला की मला क्षणभर खरंच वाटेना.

टक्के ५८.४. गुणपत्रिकेत पाच आणि साडेपाचांची रांग, मीडियम ट्रॉटला चार, डाव्या शोल्डर-इनला सात आणि त्या दुसऱ्या सिंपल चेंजला साडेसहा. शेऱ्यांमध्ये 'अजून कलेक्शन हवं' हे वाक्य चार वेळा. बरोबरच आहे.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, आठ टक्के घसरले. ती म्हणाली, "५८ म्हणजे सेकंड क्लास की. सेकंड लेव्हलला सेकंड क्लास, काय वाईट आहे? मी विचारलं त्याचं काय झालं?"

घोडीला काय मिळालं? मी गेले महिनाभर याचा विचार करतेय. पदक-बिदक तिच्या लेखी शून्य. पण तिचा डावीकडचा कँटर इतकी वर्षं वाकडा होता. ती त्या बाजूला कलायची आणि वळणावर घसरल्यासारखी व्हायची. आता ती त्या वळणावरून सरळ उभी राहून जाते. नाल ठोकणारे गृहस्थ मला न विचारता म्हणाले की मागचा पाय उचलून धरायला ती पूर्वीपेक्षा कमी कुरकुर करते. त्यांना लेव्हल-बिव्हल काही माहीत नव्हतं. या वयात तिचं शरीर वर्षापूर्वीपेक्षा जास्त मजबूत आहे, आणि ते वरच्या वर्गाच्या अभ्यासाने झालंय. फर्स्टमध्येच बसून राहिलो असतो तर सहासष्टचे सदुसष्ट झाले असते, हे नसतं झालं. तयारी पूर्ण झाल्यावर वर जायचं असतं असं मी समजत होते. त्यातली थोडी तयारी वर गेल्याशिवाय होतच नाही असं दिसतंय. फक्त विद्यार्थी रोज येतोय ना, याकडे लक्ष ठेवायचं.

असो. खूप लांबलं. फर्स्ट, सेकंड आणि थर्ड या तिन्ही लेव्हलना प्रत्येकी दोनदा साठ टक्के मिळाले की इथे ब्राँझ मेडल देतात. थर्डला कँटरमध्येच हवेत पाय बदलावे लागतात, तेव्हा तो विषय मी आणि ठमाबाईने तूर्त बंद ठेवलाय. सप्टेंबरमध्ये पुन्हा सेकंडची पहिली टेस्ट आहे. कॅलेंडरवर खुणा चालू आहेत. साठ मिळाले तर कळवीनच, नाही मिळाले तरी कळवीन. आणि काका, ऑलिंपिक कधी हे विचारू नका.